बर्फ का होत नाही?

मे महिन्यातली दुपार असते, कैरीचं पन्हं करून ठेवलेलं असतं, दारात पाहुणे येतात आणि नेमका त्याच वेळी फ्रीजमध्ये बर्फ नसतो. पूर्वी अशा वेळी दोष कुणाला द्यायचा हे ठरलेलं असे. ट्रे रिकामा करून पाणी न भरता तसाच परत ठेवणारं कुणीतरी घरात असायचंच. आता मात्र पुष्कळ घरांत दोन दारांचे मोठे फ्रीज आले आहेत आणि त्यांत बर्फ आपोआप तयार होतो. पाणी यंत्रच भरतं, बर्फ यंत्रच काढतं. तिथे विसरणारं माणूसच उरलेलं नाही. त्यामुळे बर्फ झाला नाही की आपण यंत्राला दोषी ठरवतो, 'आइसमेकर गेला' असं म्हणतो आणि मेकॅनिकला फोन लावतो.

मंडळी, आज मला सांगायचं आहे ते एवढंच, की बर्फ न होणं हा बहुतेक वेळा रोग नसतो, ते लक्षण असतं. ताप आला म्हणून आपण थर्मामीटर फोडत नाही. बर्फ व्हायला तीन गोष्टी लागतात. थंडी, पाणी आणि ते पाणी भरून बर्फ बाहेर काढणारं यंत्र. तपासणीही याच क्रमाने करावी. पहिल्या दोन गोष्टी घरच्या घरी, फारसा खर्च न करता तपासता येतात. तिसरीसाठी जाणकार माणूस लागतो. आपण बहुधा उलट्या क्रमाने जातो आणि नव्या यंत्राचे पैसे मोजूनही बर्फाचं भांडं रिकामंच राहतं.

घरात बर्फ असणं ही गोष्ट आपल्याला आज साधी वाटते, पण ती तशी जुनी नाही. १८३३ साली अमेरिकेतल्या बोस्टन बंदरातून 'टस्कनी' नावाचं जहाज गोठलेल्या तळ्यांतून कापून काढलेला सुमारे १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघालं. चार महिन्यांच्या प्रवासानंतर त्यातला शंभर टनांच्या आसपास बर्फ शिल्लक होता, आणि तो बर्फ पाहायला लोक जमले होते. पाठोपाठ मुंबईलाही अमेरिकेचा बर्फ येऊ लागला आणि तो साठवायला बर्फघर उभं राहिलं. मद्रासचं तसलंच बर्फघर आजही उभं आहे. भारतात घरगुती फ्रीज तयार होऊ लागला तो गोदरेजच्या कारखान्यात, १९५८ साली. आपोआप बर्फ करणारं यंत्र घरगुती फ्रीजमध्ये बसवण्याची सुरुवात त्याआधी काही वर्षं, १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत झाली होती. म्हणजे ज्या सोयीवाचून आपलं आज अडतं, ती आपल्या आजोबांच्या पिढीला ठाऊकही नव्हती.

यंत्र काम कसं करतं?

दोष शोधायचा तर आधी यंत्राचं काम समजायला हवं. ते मुळीच अवघड नाही. फ्रीजच्या मागच्या बाजूला नळाच्या पाण्याची एक बारीक नळी येते. तिथे विजेवर उघडझाप करणारा एक व्हॉल्व्ह असतो. यंत्राने इशारा दिला की हा व्हॉल्व्ह काही सेकंद उघडतो. तेवढ्या वेळात साधारण सव्वाशे ते दीडशे मिलिलिटर, म्हणजे पेलाभराहून थोडं कमी पाणी फ्रीझरमधल्या साच्यात पडतं आणि व्हॉल्व्ह बंद होतो. पुढचं काम थंडीचं. साच्याला चिकटून तापमान ओळखणारा एक छोटा भाग असतो. साचा उणे नऊ-दहा अंशांच्या आसपास पोचला की पाणी पूर्ण गोठलं आहे, असं तो समजतो. मग बर्फ बाहेर काढायचा.

यात दोन प्रकार आहेत. एका प्रकारात साचा धातूचा असतो. त्याच्या खाली बसवलेला हीटर थोडा वेळ तापतो, बर्फाचा कडेचा भाग किंचित सुटतो आणि फिरती बोटं तो ढकलून खालच्या भांड्यात पाडतात. दुसऱ्या प्रकारात साचा प्लॅस्टिकचा असतो. आपण ट्रे दोन्ही हातांनी पिळतो, तसाच तो एक छोटी मोटर पिळते. भांडं भरलं की यंत्राने थांबायला हवं. त्यासाठी एक तार किंवा दांडी मधूनमधून खाली येऊन भांडं चाचपते. खाली बर्फ लागला तर ती वर अडकून राहते आणि यंत्र थांबतं. काही नव्या फ्रीजमध्ये दांडीऐवजी प्रकाशाचा झोत हे काम करतो.

या दांडीमुळेच पहिली आणि सर्वांत स्वस्त तपासणी निघते. फ्रीझर साफ करताना, सामान कोंबताना ती दांडी वर ढकलली जाते आणि तशीच अडकते. यंत्राला वाटतं भांडं भरलं आहे. मटारची एखादी पिशवी दांडीखाली आली तरी तेच होतं. म्हणून आधी दांडी खाली आहे ना, बर्फाचं भांडं शेवटपर्यंत आत सरकवलं आहे ना आणि दारावरच्या बटणांत 'बर्फ बंद' असा दिवा तर लागलेला नाही ना, हे पाहावं. लहान मुलं घरात असतील तर हे शेवटचं आवर्जून पाहावं. फ्रीज नवा असेल किंवा नुकताच घर बदलून आणला असेल, तर किमान एक दिवस वाट पाहायला हवी. पहिल्या दोन-तीन वेळचा बर्फ वापरू नये. नळीतली धूळ आणि नव्या प्लॅस्टिकचा वास त्यात उतरलेला असतो.

आधी थंडी तपासा

आता थंडीकडे वळू. शाळेत शिकलेली एक गोष्ट इथे आठवावी लागेल. एक ग्रॅम पाण्याचं तापमान एका अंशाने उतरवायला एक कॅलरी उष्णता काढून घ्यावी लागते. नळाचं पाणी ३० अंशांवर असेल तर ते शून्यावर आणायला ग्रॅममागे ३० कॅलरी लागतात. पण शून्यावर आलेलं पाणी शून्यावरच असलेला बर्फ व्हायला आणखी ८० कॅलरी काढाव्या लागतात. म्हणजे पाणी गार करण्यापेक्षा ते गोठवण्याचं काम अडीचपटीहून मोठं आहे. म्हणूनच फ्रीजमध्ये पाण्याची बाटली गार होत असते, दूध नासत नसतं, आणि तरीही बर्फ मात्र होत नसतो. थंडी थोडी कमी पडली तर सगळ्यात आधी रुसतो तो बर्फ.

ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे, कारण इथे प्रश्न फक्त सरबताचा उरत नाही. फ्रीझरचं तापमान उणे १८ अंशांच्या आसपास असावं आणि खालचा कप्पा पाच अंशांच्या आत असावा, असा नियम आहे. फ्रीझर उणे पाचवर आला तर बर्फ थांबतो, पण मासे, मटण वरवर पाहता ठीक दिसतात. आपण निर्धास्त असतो आणि अन्न हळूहळू खराब होत असतं. बर्फ थांबणं ही त्या दृष्टीने फ्रीजने दिलेली पूर्वसूचना आहे.

तपासायचं कसं? घरात फ्रीझरचा थर्मामीटर असेल तर उत्तम. तो गोठलेल्या दोन पाकिटांच्या मध्ये रात्रभर ठेवावा. नसेल तर एका स्टीलच्या वाटीत पाणी घेऊन ती रात्री फ्रीझरमध्ये ठेवावी. सकाळी वाटीत पाणी तसंच असेल किंवा नुसती साय धरावी तशी पापडी आली असेल, तर आइसमेकरला हात लावायचं कारणच नाही, दोष थंडीत आहे. वाटी तळापर्यंत गोठली असेल तर दुसरी परीक्षा आइस्क्रीमची. चमचा सहज आत जात असेल तर थंडी अजून अपुरी आहे. आइस्क्रीम दगडासारखं घट्ट असेल तर मात्र थंडी पास झाली असं समजून पुढे जावं.

थंडी कमी पडण्याची कारणं बहुतेक आपल्या डोळ्यांसमोरच असतात. जुन्या, एका दाराच्या फ्रीजमध्ये एक ते पाच असे आकडे लिहिलेलं बटण असतं. ते आकडे म्हणजे अंश नव्हेत. आकडा मोठा तेवढी थंडी जास्त. अनेक जण नेमकं याच्या उलट समजतात. दुसरं कारण म्हणजे दाराचं रबर. दारात एक नोट अडकवून दार लावावं आणि नोट ओढून पाहावी. ती सहज निसटली तर रबर तिथे सैल आहे. कधी कधी रबर खराब नसतं, त्याच्या घड्यांत मळ साचलेला असतो. कोमट साबणाच्या पाण्याने पुसलं की ते पुन्हा घट्ट बसतं. तिसरं कारण मागच्या जाळीवरची धूळ. फ्रीज आतली उष्णता काढून बाहेर टाकतो. फ्रीज भिंतीला चिकटवून ठेवला, वर टेबलक्लॉथ अंथरून त्यावर डबे रचले, शेजारी गॅसची शेगडी ठेवली, तर ती उष्णता जाणार कुठे?

ज्यांत बर्फाचे थर साचत नाहीत अशा फ्रीजमध्ये आतला पंखा गार हवा खेळवतो. हवा येण्याची छिद्रं सामानाने बुजली तर फ्रीझर कोंबून भरलेला असूनही गार होत नाही. आणि अशा फ्रीजमध्ये मागच्या भिंतीवर पांढऱ्या बर्फाचा थर दिसू लागला तर ती खूण गंभीर समजावी. आतला बर्फ ठराविक वेळाने वितळवणारा हीटर किंवा त्याचा सेन्सर काम करत नाही, असा त्याचा अर्थ. सगळं सामान काढून, फ्रीजचा प्लग काढून, दारं उघडी ठेवून दिवसभर थर वितळू दिला तर फ्रीज पुन्हा चांगला चालतो. पण चार-आठ दिवसांत थर परत आला तर मेकॅनिकला हेच नेमक्या शब्दांत सांगावं. त्याचा निम्मा वेळ वाचतो आणि आपले पैसेही वाचतात.

मग पाणी

थंडी ठीक आहे, दांडी खाली आहे, तरी साचा कोरडा आहे. मग पाण्याच्या मागे जायचं. नळापासून साच्यापर्यंत पाणी ज्या वाटेने जातं त्या वाटेने आपण चालत जायचं. फ्रीजच्या मागचा छोटा कॉक पूर्ण उघडा आहे का? फ्रीज मागे ढकलताना प्लॅस्टिकची नळी दुमडली तर नाही? वाटेत फिल्टर असेल तर तो कधी बदलला होता? बहुतेक कंपन्या सहा महिन्यांनी फिल्टर बदलायला सांगतात. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असलेल्या सोसायट्यांत तो त्याआधीही तुंबतो. फिल्टरऐवजी लावायचं टोपण फ्रीजबरोबर मिळालं असेल तर ते लावून पाहावं. पाणी जोरात आलं तर दोष फिल्टरचा, हे उघड झालं.

यापुढचा मुद्दा खास आपल्याकडचा आहे, तो म्हणजे पाण्याचा दाब. हे फ्रीज मुळात अमेरिकेतल्या घरांसाठी घडले. तिथे नळाला दिवसरात्र चांगल्या दाबाचं पाणी असतं. मुलांकडे अमेरिकेत राहून आलेल्या आईवडिलांना पेल्यात खळखळ पडणारा बर्फ आठवतो, पण तो पाडणारा दाब त्यांच्या डोळ्यांसमोर नसतो. आपल्याकडे पाणी येतं ते गच्चीवरच्या टाकीतून. साधा हिशेब असा, की टाकीपासून नळ दहा मीटर खाली असेल तर एक बार दाब मिळतो. एक मजला साधारण तीन मीटरचा धरला, तर सर्वांत वरच्या मजल्यावर जेमतेम पाव बार दाब असतो. अनेक आइसमेकरच्या व्हॉल्व्हला मात्र किमान १.४ बार दाब लागतो. म्हणजे टाकीखाली चार-पाच मजले उतरल्यावरच तो पुरेसा होतो. वरच्या मजल्यावरच्या घरात तोच फ्रीज रुसतो आणि तळमजल्यावर उत्तम चालतो, त्याचं कारण हे. अशा वेळी नवा आइसमेकर बसवून काहीही होत नाही. आपल्या फ्रीजला किती दाब लागतो ते त्याच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. तो पाहून प्लंबरकडून छोटा प्रेशर पंप बसवून घेणं हाच उपाय. स्वयंपाकघरातल्या आरओ यंत्राच्या टाकीतून फ्रीजला जोड दिला असेल तर दाब आणखी कमी मिळतो, हेही लक्षात ठेवावं.

दाब कमी असला की आणखी एक खोडी होते. व्हॉल्व्ह घट्ट बंद होण्यासाठीही पाण्याचा दाबच मदत करतो. तो कमी पडला किंवा व्हॉल्व्हमध्ये क्षार अडकले, तर बंद झाल्यावरही थेंब थेंब पाणी झिरपत राहतं. ते थेंब साच्यावरच्या नळीच्या तोंडाशीच गोठतात आणि नळीला बर्फाचं बूच बसतं. मग पाणी येणंच बंद होतं. हे बूच काढण्यासाठी प्लग काढून, बर्फाचं भांडं बाहेर घेऊन, गरम पाण्यात पिळलेलं फडकं नळीच्या तोंडाला धरावं. दोन-चार वेळा केलं की बूच सुटतं. उकळतं पाणी ओतू नये, प्लॅस्टिक तडकतं. सुरी, स्क्रू-ड्रायव्हर यांचं तर नावच काढू नये. आणि बूच पुन्हा पुन्हा बसत असेल तर नळी साफ करत बसण्यापेक्षा व्हॉल्व्ह बदलून घ्यावा.

आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या काही फ्रीजना नळाची जोडणीच नसते. आत एक छोटी टाकी असते आणि ती आपण हाताने भरायची असते. तिथे दाबाचा प्रश्न येत नाही, पण टाकी नीट खाचेत बसली नाही तर पाणी उचललं जात नाही. तिच्यात फक्त पिण्याचं साधं पाणी घालावं. 'सरबताचाच बर्फ करू या' म्हणून लिंबू-साखरेचं पाणी घातलं तर पंप चिकट होऊन बसतो.

बर्फ काय सांगतो?

वैद्य नाडी बघतो तसा बर्फाचा खडा नीट बघावा. पुष्कळ निदान तिथेच होतं. खडे लहान, अर्धवट किंवा पोकळ येत असतील तर पाणी कमी पडतं आहे. म्हणजे दाब, फिल्टर नाहीतर दुमडलेली नळी. सगळे खडे एकमेकांना जोडून लादीसारखे निघत असतील, तर पाणी जास्त पडतं आहे किंवा व्हॉल्व्ह झिरपतो आहे. एका बाजूचे खडे मोठे आणि दुसऱ्या बाजूचे चिमुकले असतील तर फ्रीज कलता आहे. बाहेर पायांना असलेले स्क्रू फिरवून तो समतल करावा. भांड्यातच बर्फाचा गोळा झाला असेल तर बहुधा बर्फ फार दिवस वापरला गेलेला नाही किंवा दार वारंवार उघडं राहतं. भांडं रिकामं करून, धुऊन, पूर्ण कोरडं करून परत ठेवावं.

खडा मधोमध पांढुरका दिसतो म्हणून घाबरू नये. पाण्यात विरघळलेली हवा आणि क्षार गोठताना मध्यभागी ढकलले जातात, त्याचा तो रंग. बर्फ वितळल्यावर पेल्याच्या तळाशी पांढरी भुकटी उरली तर पाण्यात क्षार जास्त आहेत. बर्फाला लसणीचा किंवा माशांचा वास आला तर बर्फ उघड्या भांड्यांतला वास ओढून घेतो आहे. डबे झाकावेत, जुना बर्फ टाकून द्यावा. वास पाण्याचाच असेल तर फिल्टर बदलायची वेळ झाली आहे.

एवढं सगळं झाल्यावरच यंत्राकडे यावं. बहुतेक आइसमेकरना चाचणीचं किंवा पुन्हा सुरू करण्याचं बटण असतं. ते काही सेकंद दाबून धरलं की साचा एकदा फिरतो आणि नंतर पाणी येतं. साचा फिरला, पाणी आलं, तर यंत्र शाबूत आहे. फिरलाच नाही, किंवा मध्येच अडकला, तर आधी एखादा खडा बोटांमध्ये अडकला आहे का ते पाहावं. तसं काही नसेल तर मोटर, तिची दातेरी चाकं किंवा तापमान ओळखणारा भाग यांपैकी काहीतरी बिघडलं आहे. ते सुटे दुरुस्त करण्याऐवजी संपूर्ण आइसमेकर बदलायची पद्धत आहे. बऱ्याच फ्रीजमध्ये तो दोन-तीन स्क्रू आणि एका जोडणीवर बसलेला असतो. हाताला काम येणारा माणूस प्लग आणि पाणी दोन्ही बंद करून तो बदलू शकतो. पण वॉरंटी चालू असेल तर स्क्रूला हात लावू नये, आणि नवा भाग घेताना फ्रीजच्या आतल्या पट्टीवर लिहिलेला मॉडेल क्रमांक जसाच्या तसा उतरवून न्यावा.

हात कुठे थांबवायचा?

घरची दुरुस्ती कुठवर करायची याला सीमा आहे. आजच्या बहुतेक घरगुती फ्रीजमध्ये आयसोब्युटेन नावाचा वायू भरलेला असतो. ओझोनच्या थराला तो अपाय करत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू. पण तो पेट घेणारा वायू आहे, स्वयंपाकाच्या गॅसच्याच कुळातला. फ्रीजमध्ये तो काही दहा ग्रॅमच असतो, पण बंद स्वयंपाकघरात ठिणगीला तेवढाही पुरतो. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मुद्दाम वास मिसळलेला असतो, तसा यात नसतो. म्हणून फ्रीझरमधला घट्ट बर्फ सुरीने खरवडणं, ट्रे चमच्याने उचकटणं ही आपली जुनी सवय आता मोडायला हवी. एका घावात ॲल्युमिनियमची नळी फुटते. 'स्स्स' असा आवाज आला तर शेगडी बंद करावी, खिडक्या-दारं उघडावीत, विजेच्या कोणत्याही बटणाला हात न लावता बाहेर यावं आणि मगच मेकॅनिकला बोलवावं. वायू भरण्याचं, नळी जोडण्याचं काम प्रशिक्षित माणसाचंच आहे. फ्रीजला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तरी तेच. ते आइसमेकरचं काम नव्हे, अर्थिंगचं आहे, आणि ते उद्यावर टाकण्यासारखं नाही.

दुसरी सीमा पाण्याची. फ्रीजमागची बारीक नळी सैल झाली तर थेंब थेंब पाणी दिवसेंदिवस फरशीखाली मुरत राहतं आणि आपल्याला कळतं ते खालच्या शेजाऱ्यांच्या छताला ओल आल्यावर. त्यावरून सोसायटीच्या सभेत होणारे वाद सगळ्यांच्या परिचयाचे आहेत. वर्षातून दोनदा फ्रीज पुढे ओढून नळीचे सांधे हाताने चाचपावेत. गावाला जाताना घरातला गॅस बंद करतो तसा हा कॉकही बंद करावा आणि आइसमेकरही बंद ठेवावा.

शेवटचा मुद्दा आरोग्याचा. गोठवलं की पाणी शुद्ध होतं, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. काविळीचे आणि जुलाबाचे जंतू बर्फात झोपून राहतात, पेल्यात बर्फ वितळला की जागे होतात. ज्या पाण्याचा बर्फ, ते पाणी पिण्याच्या लायकीचं हवंच. बाहेरच्या बर्फाचा धोका ओळखूनच २०१८ साली महाराष्ट्रात अखाद्य बर्फात निळा रंग घालणं सक्तीचं करण्यात आलं, म्हणजे मासळी गार ठेवण्याचा बर्फ उसाच्या रसात जाऊ नये. घरच्या बर्फाला असा रंग नसतो, त्याची राखण आपल्यालाच करायची असते. भांड्यात हात घालून खडे काढू नयेत, डाव ठेवावा. महिन्यातून एकदा भांडं साबणाने धुवावं. फिल्टर वेळेवर बदलावा, कारण तुंबलेला फिल्टर पाणी अडवतो एवढंच नाही, तो जंतूंचं घरही बनतो.

एवढं करूनही मेकॅनिकला बोलवायची वेळ आली तर त्याला 'बर्फ होत नाही' एवढंच सांगू नये. वाटीतलं पाणी रात्रीत गोठलं का, साच्यात पाणी येतं का, खडे कसे निघतात आणि बटण दाबल्यावर साचा फिरतो का, या चार प्रश्नांची उत्तरं एका कागदावर लिहून ठेवावीत आणि ती त्याला द्यावीत. बदललेला जुना भाग मागून घ्यावा. चांगल्या कारागिराला अशा गिऱ्हाइकाचा राग येत नाही, उलट त्याचं काम सोपं होतं. आणि जो तपासणी न करताच 'मशीन बदलावं लागेल' म्हणतो, त्याला आधी एक वाटी पाणी फ्रीझरमध्ये ठेवायला सांगावं.